अकरावीला ग्रुप निवडताना

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घराघरांत दहावीच्या निकालानंतर एकच प्रश्न: ए, बी की एबी? गुजरात बोर्डाच्या विज्ञान शाखेत ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र, एबीत दोन्ही. भौतिक आणि रसायन तिन्हींत आहेतच. एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, फिजिओथेरपी हवं असेल तर बी पुरे. फार्मसीला ए किंवा बी, काहीही चालतं. मेडिकल आणि इंजिनिअरिंग, दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या असतील तरच एबीचं ओझं घ्या. नुसतं ‘असू दे हो’ म्हणून घेतलं की नेमकं भौतिक मागे पडतं. मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, पण मुलं अडकतात ती भौतिकाच्या १८० गुणांत. आणि हो, बारावीत इंग्रजी पास व्हायलाच हवं.