बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवावी

लाकडी चाकावरची लोखंडी धाव खिळ्यांच्या जोरावर टिकत नाही. तापलेलं लोखंड फुलतं, निवताना आकसतं आणि चाक आवळून धरतं. म्हणून सगळा जीव मापात आहे.

आधी चाक पुरतं सुकलेलं हवं. ओलसर चाकावर चढवलेली धाव उन्हाळ्यात हमखास खुळखुळते, कारण लाकूड सुकून आकसतं. अशी चाकं ओढ्यात भिजवून फुगवतात खरी, पण तो चार दिवसांचा इलाज.

घेर सुतळीने मोजू नका, ती ताणली जाते. मोजपट्टी लावा. समजा घेर 4300 मिमी भरला. धावेचा आतला घेर 20 मिमी कमी ठेवायचा, म्हणजे 4280. धावेची पट्टी 10 मिमी जाड असेल तर वाकवताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते, म्हणून जाडीच्या सव्वातीन पटीला थोडं कमी, 31 मिमी वाढवा. पट्टी 4311 मिमीची कापा, वाकवा, तोंडं वेल्ड करा.

लोखंडाचा एक मीटर दर अंशाला 0.012 मिमी वाढतो. धाव 600 अंशांनी तापली की घेर सुमारे 31 मिमी वाढतो आणि ती चाकावर सहज उतरते. 300 अंशांवरच उचललीत तर वाढ जेमतेम 15 मिमी. धाव अर्ध्यात अडकते आणि लाकूड जळत राहतं. ही चूक सर्रास होते. धाव दगडांवर टेकवा, खाली-वर गोवऱ्या सारख्या रचा. सावलीत मंद लाल दिसली की तयार. एकच बाजू लाल झाली तर थांबा, निखारे सरकवा.

चाक आडवं, तुंबा (चाकाचा मधला ठोकळा) खड्ड्यात. तिघांनी सांडशीने धाव उचलून एकदमच ठेवायची, घणाने बसवायची आणि लगेच चहूबाजूंनी पाणी ओतायचं. 17 किलोच्या धावेत सुमारे 5 मेगाज्यूल उष्णता असते. दोन लिटर पाण्याची पूर्ण वाफ झाली तर ती तेवढी उष्णता नेते, पण बरंचसं पाणी नुसतंच वाहून जातं. चार-पाच बादल्या भरून ठेवा. वाफेपासून तोंड लांब ठेवा.

निवताना सांधे करकरतात, आरे तुंब्यात घट्ट रुततात. आरे वाकू लागले तर घेर 20 मिमीपेक्षा जास्त कमी ठेवलाय. थंड झाल्यावर हातोडीने सगळीकडे ठोकून पाहा. आवाज बद्द येईल तिथे फट आहे. तिथे पाचर मारू नका; धाव उतरवून, पट्टी कापून पुन्हा सांधा.