पहिलं एस्टिमेट हातात येण्याआधी

बांधकामाचं एस्टिमेट, म्हणजे अंदाजपत्रक, करणारा ‘एस्टिमेटर’ अशी पाटी सार्वजनिक बांधकाम विभागात किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. आपल्याकडे अंदाजपत्रक करतो कनिष्ठ अभियंता, आणि साइटवर टेपचं दुसरं टोक धरतो स्थापत्य अभियांत्रिकी सहायक. कनिष्ठ अभियंत्याला स्थापत्याची ३ वर्षांची पदविका लागते; सहायकासाठी दहावीनंतरचा १ वर्षाचा त्याच नावाचा अभ्यासक्रम आहे. तुमचं शिक्षण याहून वेगळं असेल तर समकक्ष पात्रतेचं कलम जाहिरातीतच वाचा, चहाच्या टपरीवर विचारू नका. केंद्रात मात्र या कामाचं वेगळं पद आहे. लष्कराची बांधकामं बघणाऱ्या एमईएसमध्ये ‘क्वांटिटी सर्व्हेइंग अँड कॉन्ट्रॅक्ट्स’ (परिमाणं काढणं आणि करार) शाखेचे कनिष्ठ अभियंते असतात आणि ते स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेतून भरले जातात. पहिला पेपर २०० गुणांचा, दुसरा ३०० चा. दोन्हीकडे ‘एस्टिमेटिंग, कॉस्टिंग अँड व्हॅल्युएशन’ हा विषय परीक्षेपुरता पाठ करून सोडून देणारे बरेच. पुढची सगळी नोकरी त्याच विषयावर चालते, हे त्यांना रुजू झाल्यावर कळतं.

तर आधी हे आकडे तोंडपाठ हवेत, मोबाइल न काढता. सिमेंटची गोणी ५० किलोची. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या. सळईचं वजन काढायचं तर व्यासाचा वर्ग भागिले १६२: १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरचा अख्खा रॉड १०.६७ किलो. स्लॅबमध्ये स्टील १ टक्का धरलं तर घनमीटरमागे ७८.५ किलो येतं. तुमच्या गोषवाऱ्यात, म्हणजे बाबवार एकूण तक्त्यात, ते ३०० दिसलं तर दशांशचिन्ह कुठेतरी घसरलंय. आणि ब्रास. कागदावर सगळं मीटरमध्ये असलं तरी ट्रॅक्टरवाला आणि खाणवाला ब्रासमध्येच बोलतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हे न कळणाऱ्या साहेबाकडे साइटवर कोण कशा नजरेनं बघतं, ते एकदा अनुभवाच.

मोजमापाचे नियम आयएस १२०० या भारतीय मानकात आहेत, त्याचे भाग जवळ ठेवा. माप ०.०१ मीटरपर्यंत, स्लॅबची जाडी ०.००५ पर्यंत. काँक्रीटच्या घनफळातून सळईचं घनफळ वजा करायचं नाही. गिलाव्यात नवीन माणूस हमखास अडखळतो. ०.५ चौरस मीटरपर्यंतचं भोक असेल तर वजावट नाही, ०.५ ते ३ पर्यंत एकाच बाजूची वजावट, पण मग कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नाही. ३ च्या वर दोन्ही बाजू वजा आणि कडा मोजायच्या. म्हणजे ०.६ बाय ०.४५ चा झरोका सोडून द्या, १ बाय २.१ चं दार एका बाजूनं वजा करा.

खोदाईकडे जरा थांबूनच बघा, कारण चुका इथेच पैशात दिसतात. समजा आतून ४ बाय ३ मीटरची एक खोली, भिंत ०.२३ ची, पाया ०.९ रुंद आणि १ मीटर खोल. मध्यरेषेनं, म्हणजे भिंतीच्या जाडीच्या मधोमध धरून, लांबी २ गुणिले (४.२३ + ३.२३), म्हणजे १४.९२ मीटर, आणि खोदाई १३.४३ घनमीटर. नवा मुलगा काय करतो? चारही बाजूंचे चर बाहेरून बाहेर मोजतो: ५.१३ आणि ४.१३. लांबी होते १८.५२, खोदाई १६.६७. वाढलेले ३.२४ घनमीटर म्हणजे चार कोपरे, दोन-दोनदा मोजलेले. एका खोलीला ३.२४, शाळेच्या आठ खोल्यांच्या इमारतीला किती ते तुम्हीच काढा. मधली भिंत आली की प्रत्येक सांध्याला पायाच्या रुंदीच्या निम्मं मध्यरेषेतून वजा करायचं, हेही तेव्हाच विसरतं. मी अजूनही लांब भिंत-आखूड भिंत पद्धतीनं (लांब चर बाहेरून बाहेर, आखूड आतून आत) एकदा आणि मध्यरेषेनं एकदा, असं दोनदा काढतो. आकडा जुळला तरच पुढच्या ओळीवर जातो.

साइटला जाताना ३० मीटरचा टेप, ५ मीटरचा टेप, चुना, लेव्हल बुक, नकाशाची घडी केलेली प्रत आणि सातबारा. फोटो काढा, पण एका फोटोत तरी रस्ता आणि जागा एकत्र दिसू द्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रायल पिट, म्हणजे जमीन तपासायचा खड्डा, घ्यायला लावा. वरून मुरूम दिसतो म्हणून खालीही मुरूमच असेल असं आपल्या दख्खनच्या पठारावर कुणी लिहून दिलेलं नाही. दोन फुटांवर काळी माती, चार फुटांवर कठीण खडक, असं एकाच प्लॉटच्या दोन टोकांना बघितलंय. कोकणात असाल तर जांभ्याचा दगड गावातच मिळतो की बाहेरून आणावा लागतो, हे विचारून या. खडक निघाला की दर वेगळा, आणि निविदेतलं परिमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं की निविदेच्या करारातल्या क्लॉज ३८ चं, म्हणजे वाढीव परिमाणाच्या कलमाचं, प्रकरण उघडतं. तेव्हा वरचे साहेब पहिला प्रश्न विचारतात: खड्डा घेतला होता का?

माझी फजिती सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका अंगणवाडीचं अंदाजपत्रक मी शेजारच्या टेबलावरच्या जुन्या फाइलीवरून उतरवलं. इमारत तीच, आराखडा तोच, मग काय. लीड चार्टही, म्हणजे साहित्य किती लांबून आणायचं त्याचा तक्ता, जसाच्या तसा आला: खडी १८ किलोमीटरवरून. ती अंगणवाडी वेगळ्या तालुक्यात होती आणि जवळची चालू खाण ४० किलोमीटरच्या पुढे. ठेकेदारानं काम घेतलं, आणि खडी टाकायच्या वेळी माझ्यासमोर खाणीची पावती ठेवली. काही बोलला नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक लीड चार्टखाली खाणीचं गाव, मार्ग आणि मी स्वतः गेलो ती तारीख असते.

दरांचं सांगायचं तर राज्याची दरसूची कुठल्या वर्षाची लागू आहे ते आधी विचारा, आणि ते वर्ष पहिल्या पानावर लिहा. सूचीत नसलेल्या बाबीला दर पृथक्करण (साहित्य, मजुरी वगैरे धरून दर कसा आला त्याची फोड) लागतं, त्याला बाजारभावाची कोटेशनं जोडा. वरून जीएसटी, १ टक्का कामगार कल्याण उपकर, गौणखनिजाची रॉयल्टी, साहित्य चाचणीचा खर्च. जीएसटीत नक्कल करणारे नेहमी सापडतात: जुलै २०२२ च्या आधीच्या फाइलींत १२ टक्के आहे, आता सरकारी इमारतीच्या कामावर १८. एक्सेलचा साचा कुणाकडून घेतलात तर सूत्रं उघडून बघा. अर्ध्या साच्यांत कुणीतरी सूत्र पुसून आकडा हातानं भरलेला असतो.

बांधणीचा क्रम साधा: वर अहवाल, मग गोषवारा, मोजमाप पत्रक, दर पृथक्करण, लीड चार्ट, नकाशे, ट्रायल पिटचा फोटो. प्रशासकीय मान्यतेची (काम आणि खर्चाला मिळालेल्या मंजुरीची) रक्कम आणि तांत्रिक मान्यतेला (तपशीलवार अंदाजपत्रकाच्या मंजुरीला) पाठवायची रक्कम शेजारी शेजारी लिहा, फरक तुम्हीच सांगा, नाहीतर फाइल शेरा घेऊन परत येते. रक्कम मान्यतेच्या वर जाते म्हणून कामाचे तुकडे पाडायला कुणी सुचवलं, तर तो सल्ला लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी सहायकाला समोर बसवा. तो मोजमाप पत्रक मोठ्यानं वाचेल, तुम्ही नकाशावर बोट ठेवत जा. ‘नग दोन, लांबी पाच पूर्णांक तेरा’ असं ऐकताना जे बोट थांबतं, तिथे पेन्सिलीनं खूण करा.