रब्बी सल्ला : पेरूच्या माक्याचं बियाणं घेण्याआधी

दिवाळी तोंडावर आली, रब्बीची रानं वाफशावर येत आहेत आणि यंदा फोनवर एक नवाच प्रश्न ऐकू येतोय : "साहेब, माका लावू का? पावडर लई महाग विकतात म्हणे."

आधी नावाचा घोळ मिटवू. हा बांधावरचा, केसांच्या तेलात घालायचा माका नव्हे आणि मका तर नव्हेच. हा पेरूचा माका. पेरू म्हणजे देश, फळ नव्हे! शास्त्रीय नाव लेपिडियम मेयेनी, कूळ मोहरी-मुळ्याचं. पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात आणि खाली छोट्या सलगमासारखा गड्डा धरतो. पिवळा, लाल, जांभळा नाहीतर काळा.

माझं उत्तर : लावू नका.

हे पीक अँडीज पर्वतातल्या हुनिन पठारावरचं, ४००० मीटरच्या आसपासचं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवा. तिथे दिवसा टोचणारं ऊन, रात्री गोठवणारी थंडी आणि झोडपणारा वारा. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी मे ते जुलै. बी धरायचं तर निवडक गड्डे पुन्हा लावून पुढच्या हंगामाची वाट बघायची. काढलेला माल उन्हात आणि हिमात दोन-तीन महिने उघड्यावर सुकवतात. या सुकण्यातच मॅकामाइड नावाची द्रव्यं तयार होतात आणि पावडरीची जाहिरात त्यांच्याच जिवावर चालते. आपल्या मार्चच्या उन्हात यातलं काय जमणार? चीनच्या युनान प्रांतात डोंगर होते, थंडी होती, तरी लागवड इतकी वाढली की चढलेले भाव कोसळले.

औषधाचं म्हणाल, तर पेरूतले लोक सुकवलेला गड्डा पाण्यात किंवा दुधात शिजवून अन्न म्हणून खातात. ताकद आणि कामेच्छेसाठी त्याची ख्याती आहे, पण चाचण्या लहान आहेत. पुरुषांना बारा आठवडे रोज दीड ते तीन ग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, वाढलं नाही. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर घेऊ नये.

आता गंमत बघा. याच लेपिडियम वंशातलं एक पीक आपल्या स्वयंपाकघरात कधीचं आहे : बाळंतिणीच्या लाडवातलं अळीव. चावल्यावर जो झणका लागतो, त्यामागचं गंधकयुक्त द्रव्य माक्यातही असतं. रब्बीत नवं काही करायचंच असेल तर दोन-चार गुंठे अळीव करून बघा; मात्र किराणा व्यापाऱ्याशी आधी बोला, कारण बाजार छोटा आहे.

हलकी ते मध्यम, निचऱ्याची जमीन घ्या आणि ढेकूळ राहू देऊ नका. बी बारीक, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून ओळीत उथळ टाका. ओलं झालं की बी बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतं, तेव्हा भिजवून पेरण्याच्या फंदात पडू नका. पहिलं पाणी हलकंच द्या. मोठी धार सोडलीत तर सगळं बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होईल. थंडीत ढगाळ हवा आली की शेंड्यांवर मावा बघत राहा. झाडं पिवळी पडली की थांबू नका, शेंगा तडकतात. सकाळी दव असतानाच कापा आणि ताडपत्रीवर वाळवा.