झाकण उघडलं तरी लॅपटॉप जागा होत नाही: पॉवर बटण दाबून धरण्याआधी काय करावं

झाकण उघडलं, पडदा काळाच. कळा दाबल्या, बोट फिरवलं, तरी काही नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात सरळ पॉवर बटणाकडे जातो आणि ते दाबून धरून लॅपटॉप सक्तीने बंद केला जातो. तो पुन्हा सुरू होतो हे खरं, पण स्लीपमध्ये असताना तुमचं उघडं काम रॅममध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या स्मृतीत असतं आणि वीज तुटली की रॅम रिकामी होते. देवळाच्या उत्सवासाठी टाईप करत आणलेली नाटकाची संहिता असो, महिला मंडळाचा हिशेब असो की मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट, त्यातलं जेवढं साठवलं नव्हतं तेवढं गेलं.

म्हणून पहिली दोन मिनिटं फक्त बघण्यात आणि ऐकण्यात घालवा. काळ्या पडद्यामागे तीन निरनिराळ्या परिस्थिती असू शकतात. लॅपटॉप जागा झालाय पण पडदा उजळलेला नाही. लॅपटॉप झोपेतच अडकलाय. किंवा झोपेत असतानाच बॅटरी संपून तो बंद पडलाय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. खालच्या पायऱ्या विंडोज 10 आणि 11 साठी आहेत. मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडं शेवटाकडे लिहिलं आहे.

आधी ओळखा

कॅप्स लॉक दाबा. त्या कळेवरचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जागं आहे आणि अडचण फक्त पडद्याची आहे. कळेवर दिवाच नसेल तर पंख्याचा आवाज येतो का ऐका, यूएसबी माउस जोडून त्याचा लाल दिवा पेटतो का बघा.

पॉवरचा दिवा सावकाश मिणमिणत असेल तर लॅपटॉप बहुधा झोपेत आहे. काही नव्या मॉडेलांत मात्र झोपेत कुठलाच दिवा लागत नाही, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

काहीच दिवा नसेल तर चार्जर लावा आणि दहा मिनिटं थांबा. बॅटरी पूर्ण रिकामी झाली असेल तर चार्जर लावल्या लावल्या लॅपटॉप उठेलच असं नाही. मग पॉवर बटण एकदा दाबून सोडा. कंपनीचा लोगो येऊन सगळं पहिल्यापासून सुरू झालं, तर लॅपटॉप झोपेत असताना बॅटरी संपली होती असं समजा. तिथे बिघाड जागं होण्यात नाही, बॅटरीत किंवा सवयीत आहे. त्याबद्दल पुढे.

जागा आहे, पण पडदा काळा

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. एक बारीक बीप ऐकू येते, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच चित्र परत येतं. उघडं काम जसंच्या तसं राहतं. ही चार कळांची जोडणी लॅपटॉप असणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण इतका निरुपद्रवी आणि इतका उपयोगी उपाय दुसरा नाही.

त्याने झालं नाही तर विंडोज आणि पी दाबा. ऑफिसात किंवा शाळेत प्रोजेक्टर जोडलेला होता आणि पडद्याची निवड 'फक्त दुसरा पडदा' अशी राहून गेली, तर घरी आल्यावर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा काळा दिसू शकतो. पडद्याचा उजेड वाढवायची कळही एकदा दाबून बघा.

मग खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. अंधुक अक्षरं किंवा चिन्हं दिसली तर चित्र येतंय, पडद्यामागचा प्रकाश तेवढा गेलाय. हे काम दुरुस्तीचंच. पण तोवर एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा, टीव्हीवर बघून लॉग-इन करा आणि काम साठवून घ्या. टीव्ही नसेल तर अंदाजाने एक प्रयत्न करता येतो: एंटर दाबा, पिन टाईप करा, पुन्हा एंटर, थोडं थांबून कंट्रोल आणि एस. तुमची फाईल सगळ्यात वर उघडी असेल आणि तिला आधीच नाव दिलेलं असेल, तर ती साठवली जाईल.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे लोहचुंबक. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला कळतं ते झाकणातल्या छोट्या चुंबकामुळे आणि खालच्या बाजूला बसवलेल्या सेन्सरमुळे. चुंबकी कव्हरचा मोबाईल किंवा चुंबकी पट्ट्याचं घड्याळ कीबोर्डच्या कडेला आलं, तर झाकण उघडं असूनही लॅपटॉपला ते मिटलेलं वाटतं. एका मिटलेल्या लॅपटॉपवर दुसरा उघडून ठेवला तरी हेच घडू शकतं. भोवतालच्या वस्तू हातभर लांब सरकवा आणि पुन्हा बघा.

झोपेतच अडकलाय

पॉवर बटण एकदा दाबून लगेच सोडा. धरून ठेवू नका. पुष्कळ लॅपटॉपांत टचपॅडवर बोट फिरवून जाग येत नाही, कळ किंवा पॉवर बटणच लागतं. तरीही हालचाल नसेल तर पेन ड्राइव्ह, प्रिंटर, इंटरनेटचा डोंगल, यूएसबी हब, जे जोडलं असेल ते सगळं काढा आणि एक मिनिट थांबून परत बटण दाबा. चार्जर लावलेला असेल तर काढून बघा, नसेल तर लावून बघा. जुनी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप हायबरनेटमध्ये (काम डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणं, पुढे सांगितलं आहे) गेला असेल तर त्याला उठायला दोन मिनिटंही लागतात. तेवढी वाट बघा.

एवढं करून झाल्यावरच सक्तीने बंद करायचं. पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, काही मॉडेलांना तीस सेकंदही लागतात. मग चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि आत उरलेली वीज जाण्यासाठी बटण पुन्हा तीस सेकंद धरा. आता फक्त चार्जर लावून सुरू करा.

सुरू झाल्यावर लगेच

आधी वर्ड उघडा. डाव्या बाजूला परत मिळालेल्या प्रती दिसल्या तर लगेच वेगळ्या नावाने साठवा. वर्ड मुळात दर दहा मिनिटांनी अशी प्रत ठेवतं. सेटिंगमध्ये जाऊन ते दोन मिनिटांवर आणा.

मग स्टार्ट मेनूतून 'रीस्टार्ट' निवडा. 'शट डाउन' इथे पुरेसं नाही. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो. बिघडलेला ड्रायव्हर त्यासोबत तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं कोऱ्या पाटीने सुरू होतं.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

एखाद्या वेळी असं झालं तर सोडून द्या. आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर मुळाशी जावं लागेल, आणि हे मूळ बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये असतं.

स्टार्टवर राईट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे डिस्प्ले अडॅप्टर्स उघडून आपल्या ग्राफिक्सच्या नावावर राईट क्लिक करा, प्रॉपर्टीज आणि मग ड्रायव्हर. विंडोज अपडेट झाल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून मागच्या आवृत्तीवर जा. बरेच महिने काही अपडेटच केलं नसेल तर उलट करा: लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर तुमच्या मॉडेलच्या नावाने ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर शोधा आणि तेच घाला. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं कृपया घालू नका. ती भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर घालू शकतात आणि सोबत जाहिरातीही आणतात.

त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट असेल, तर या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्यावा या अर्थाच्या ओळीसमोर खूण असू द्या.

आता तुमच्या लॅपटॉपची झोप कुठल्या जातीची आहे ते बघा. स्टार्टवर राईट क्लिक करून टर्मिनल (विंडोज 10 मध्ये पॉवरशेल) उघडा. पॉवर या इंग्रजी शब्दाला लागूनच सी, एफ, जी ही अक्षरं लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) आणि ए द्या, मग एंटर. जी यादी येईल तिच्यातल्या वरच्या, उपलब्ध असलेल्या भागात एस थ्री दिसलं तर झोप जुन्या पद्धतीची: रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद. एस झीरो लो पॉवर आयडल दिसलं तर झोप मोबाईलसारखी: पडदा बंद, पण आत मधूनमधून काम चालू. या दुसऱ्या प्रकारचा लॅपटॉप बॅगेत असताना मध्येच जागा होऊन तापू शकतो. गोव्यात वाळपई किंवा काणकोणहून पणजीला रोज कदंब बसने येणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बॅग गच्च भरलेली, हवा खेळत नाही, आणि ऑफिसात पोचेपर्यंत लॅपटॉप गरम आणि बॅटरी अर्धी. अशांनी प्रवासात स्लीप वापरूच नये.

बायॉस (विंडोजच्याही आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम) अपडेट करूनही हा दोष पुष्कळदा जातो, कारण झोप आणि जाग यांचं बरंचसं नियंत्रण तिथेच असतं. पण ते करताना वीज जाता कामा नये. बॅटरी भरलेली, चार्जर लावलेला, आणि बाहेर गडगडाट नसलेला दिवस निवडा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर अपडेटनंतर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर आतली माहिती उघडत नाही, आणि त्यावर दुकानदाराकडेही इलाज नसतो.

स्लीपऐवजी हायबरनेट, निदान पावसाळ्यात

हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि लॅपटॉप खरोखर बंद होतो. बॅटरी संपली, वीज गेली, तरी काम सुरक्षित राहतं. उठायला थोडा वेळ जास्त लागतो आणि डिस्कवर काही जीबी जागा लागते, एवढंच.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वादळी रात्री तारांवर फांदी पडते आणि वीज जाते. स्लीपवर ठेवलेला, बॅटरी थकलेला लॅपटॉप अशा रात्री संपतो आणि सकाळी तो 'उठत नाही' असं वाटतं. चवथीला गावी जाताना पाच-सहा दिवस झाकण नुसतं मिटून ठेवलेल्या लॅपटॉपचंही तेच होतं.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डाव्या बाजूला पॉवर बटणांनी काय करावं ते ठरवणारी ओळ आहे, ती दाबा. वर सध्या न बदलता येणाऱ्या सेटिंग्ज बदलण्याचा दुवा दिसेल, तोही दाबा. खाली हायबरनेटसमोर खूण करा आणि फास्ट स्टार्टअपची काढा. झाकण मिटल्यावर काय व्हावं तेही इथेच ठरतं. बॅटरीवर असताना हायबरनेट आणि चार्जर लावलेला असताना स्लीप, ही विभागणी मला सगळ्यात सोयीची वाटते. हायबरनेट यादीत नसेलच तर टर्मिनल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, वरचाच पॉवर-सीएफजी शब्द लिहा, एक जागा, तिरकी रेघ, एच, एक जागा आणि इंग्रजीत ऑन.

विजांचा कडकडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढायची सवय ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

दमट हवेचाही यात हात आहे. कळंगुट, कोलवा, बाणावलीसारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा रॅमच्या आणि चार्जिंगच्या जोडांवर गंज आणते, आणि रॅमचा जोड सैल किंवा मळका असला तर झोपेतून उठताना तो दगा देऊ शकतो. एसीत गार झालेला लॅपटॉप पावसाळी हवेत एकदम उघडला तर आत दव धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू द्या, मग उघडा. कपाटातल्या चपलांना बुरशी येते त्या दिवसांत लॅपटॉपही कपाटात ठेवू नये.

मॅक असेल तर

ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकवर पॉवर बटण दहा सेकंद धरलं की तो बंद होतो. नंतर परत दाबून सुरू करा. बाकीचा क्रम तोच: आधी बाहेरच्या वस्तू काढा, चार्जर लावा, थांबा, मग सक्ती.

दुकानात कधी न्यावा

टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो, झाकण नीट बसत नाही, तळ फुगलाय, यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्जर लावू नका, दाबू नका, लॅपटॉप सुरू करू नका. सरळ दुकान गाठा.

इतर वेळी दुकानात नेताना नुसतं 'चालू होत नाही' असं सांगू नका. कॅप्स लॉकचा दिवा लागत होता का, टीव्हीवर चित्र येत होतं का, चार्जर लावून किती वेळ थांबलात, अपडेटनंतर सुरू झालं का, हे सांगा. एवढ्यावरून चांगला कारागीर पडदा, रॅम, बॅटरी की ड्रायव्हर याचा अंदाज बांधतो आणि नको ते भाग बदलायचं टळतं. आल्या आल्या फॉरमॅट करूया असं कुणी म्हटलं तर आधी रॅम काढून, साफ करून, परत बसवून बघायला सांगा, आणि माहितीची प्रत हातात आल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका.