"सिस्टर, तो चार नंबरच्या बेडवरचा ना?"

इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून लागलात की हात धुण्याचं ऑडिट, सुयांचे डबे, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग महिनाभरात अंगवळणी पडतात. पेशंटला फोन करणं मात्र कुणी शिकवत नाही.

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये आधी निगेटिव्ह असलेल्या एकाची हिपॅटायटिस सीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराची, तपासणी पॉझिटिव्ह आली. हेपॅरिनची (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) एकच व्हायल, म्हणजे इंजेक्शनची बाटली, अनेकांना वापरली गेली असावी, असा संशय होता. त्या शिफ्टमधल्या सगळ्यांना कळवायचं ठरलं आणि यादी माझ्याकडे आली.

पहिला फोन मुलाने उचलला. "बाबा झोपलेत, मला सांगा की." मी गडबडले आणि निम्मं सांगून मोकळी झाले. हे चुकलंच. आता "उठले की मला फोन करायला सांगा" एवढंच बोलते. "घाबरू नका"ने सुरुवातही सोडली. ते ऐकूनच माणूस घाबरतो. काय झालं असण्याची शक्यता आहे, रक्त कधी द्यायचं आणि त्याचे पैसे लागणार नाहीत, हे सलग सांगून टाकायचं.

जे युनिटला येतातच त्यांना मशीन लावायच्या आधी, वजन झालं की बाजूच्या खोलीत न्या. बेडवर सांगितलं तर शेजारच्यालाही ऐकू जातं.

तपासणीचं नीट समजून घ्या. अँटिबॉडी तयार व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात, डायलिसिसवाल्यांत ती कधी दिसतही नाही. म्हणून थेट विषाणूच शोधणारी आरएनए तपासणी. आजचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पुन्हा बोलवायचंय, हे पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितलं तर लपवलं असं वाटतं.

"म्हणजे पांढरी कावीळ का?" हा प्रश्न येणारच. आपल्याकडे तसं म्हणतात ती बहुधा हिपॅटायटिस बी. तिची लस आहे, सीची नाही. पण सी बहुतेकांची साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात औषध मोफत आहे.

मग पॉझिटिव्ह कोण आलं ते विचारताना आवाज खाली येतो, "तो चार नंबरच्या बेडवरचा ना?" इथे हो नाही, नाहीही नाही. एकाला "नाही" म्हणालात की पुढच्या वेळी तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लागतो.

एका आजींनी यातलं काहीच विचारलं नाही. "नातीला घास भरवू ना?" भरवा म्हटलं, फक्त नेलकटर आपलं वेगळं ठेवा. त्यांनी पिशवीतून नेलकटर काढून दाखवलं, "हे? हे तर सगळं घर वापरतं." मी फाइलमध्ये तेवढं लिहून घेतलं.