मेबलच्या घड्याळावर व्हिटबीत दहा दिवस

कुत्रा सांभाळायचा आणि त्या बदल्यात समुद्रकाठी घर फुकट, असं ऐकलं की इकडे इंग्लंडात शिकायला आलेल्या आपल्या पोरांचे डोळे चमकतात. माझेही चमकले होते. लीड्सला एमएस्सी संपली होती, नोकरी जानेवारीपासून होती आणि खोली सोडून झाली होती. विद्यापीठातल्या ओळखीच्या एका बाईंच्या बहिणीला ऑक्टोबरअखेर दहा दिवस व्हिटबी या समुद्रकाठच्या गावातल्या घरी कुणीतरी हवं होतं. घरात एकच कुत्री, बारा वर्षांची लॅब्रेडोर. नाव मेबल.

आधी व्हिसाचं बोलते, कारण ते कुणी सांगत नाही. स्टुडंट व्हिसावर असाल तर या भानगडीत पडू नका. त्यावर स्वतःचा धंदा करता येत नाही, आणि राहायच्या बदल्यात केलेलं कामही काम धरलं जाऊ शकतं. ‘मी पैसे कुठे घेतेय’ ही सबब चालेल या भरवशावर राहू नका. माझा तोवर ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षण संपल्यावर काम करू देणारा व्हिसा, झाला होता, म्हणून मी गेले.

मालक निघायच्या आदल्या दिवशीच पोहोचा. लीड्सहून यॉर्क, माल्टन, पिकरिंग करत बस मूर्सच्या माळरानावरून जाते. हेदरची जांभळ्या फुलांची झुडपं सुकून सगळं तपकिरी झालेलं असतं. त्या एका संध्याकाळी मला जे कळलं ते फोनवर कळलं नसतं. मेबलची सांध्यांची गोळी चीजमध्ये दडवावी लागते, दारातून पत्र पडलं की ती घर डोक्यावर घेते, आणि चार तासांहून जास्त ती एकटी राहत नाही. मालकीणबाईंनी चार पानी कागद लिहून ठेवला होता. मी त्यात तीन गोष्टी मागून घेतल्या: डॉक्टरांचा रात्रीचा नंबर, विम्याचे तपशील, आणि ऐनवेळी खर्च आला तर तो कुणी करायचा. विचारताना ओशाळले होते. विचारलं ते बरं झालं.

दुसरं, गळपट्टा. बाहेर नेताना त्यावर मालकाचं नाव-पत्ता असावाच लागतो, तसा कायदा आहे. आंघोळ घातल्यावर काढून ठेवाल आणि विसराल, मी विसरले होते.

सुट्टी म्हणून शरद ऋतू मात्र उत्तम. उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर, किनाऱ्याच्या काही भागात कुत्र्यांना बंदी असते. ऑक्टोबर लागला की वाळू मोकळी. शेजारच्या सँड्सएंड गावापर्यंत वाळूवरून चार-साडेचार किलोमीटर चालत जाता येतं, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच. भरतीला पाणी थेट कड्याला भिडतं. मेबल तर दर वीस पावलांवर शेवाळ हुंगायला थांबायची, त्यामुळे मी नेहमीच्या दुप्पट वेळ धरायचे. परतून पश्चिमेकडच्या टेकडीवर देवमाशाच्या हाडांच्या कमानीशेजारी बाकावर बसायचो. समोर एस्क नदीपलीकडे मोडका ॲबे, म्हणजे जुना ख्रिस्ती मठ, मध्ये नदीवरचा फिरता पूल, आणि चिप्सवर टपलेले सीगल.

ॲबेकडे जाणाऱ्या 199 पायऱ्या मेबलने पहिल्याच पायरीवर नाकारल्या. गंमत म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या ‘ड्रॅक्युला’त याच बंदरात फुटलेल्या जहाजावरून एक भलंमोठं कुत्रं उडी मारून वरच्या दफनभूमीकडे पळत जातं. आमच्या कुत्रीला ते जमणारं नव्हतं. ॲबे मी एकटीनेच पाहिला, घड्याळ बघत बघत.

घड्याळावरून आठवलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे जातात. हे मेबलला कोण सांगणार? साडेसहाचा नाश्ता तिने साडेपाचला मागितला, माझ्या पांघरुणावर थंडगार नाक टेकवून. संध्याकाळी साडेचारलाच दिवेलागण. म्हणजे गावात फिरायचं ते दोन ते चारच्या दरम्यान. बाकी दिवस तिचा.

आणि मग चिवडा. दिवाळी तोंडावर होती, आईने सांगलीहून पाठवलेला डबा मी सोफ्यावर मांडीवर घेऊन बसले होते. फोन वाजला, डबा कलंडला, आणि मी वाकेपर्यंत जमीन साफ. कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला चालत नाही हे मला माहीत होतं. चिवड्यातले बेदाणेही विषारी असतात, किडन्या जाऊ शकतात, हे त्या चार पानांतल्या तिसऱ्या पानावर होतं. ‘द्राक्षं, बेदाणे’. वाचलं होतं, पण चिवडा म्हणजे बेदाणे हे डोक्यात आलंच नव्हतं. रात्रीच्या नंबरवर फोन केला. किती खाल्ले, कधी खाल्ले, वजन किती, एवढं विचारून ताबडतोब आणा म्हणाले. उलटीचं इंजेक्शन दिलं. स्टीलच्या ट्रेमध्ये पोहे, दाणे आणि सात बेदाणे निघाले, मी मोजले. रात्रभर तिच्या शेजारी जमिनीवर झोपले. मालकीणबाईंना त्याच रात्री सगळं जसंच्या तसं कळवलं, लपवायचा मोह झाला तरी.

मेबल बरी आहे. मार्चमध्ये मला पुन्हा बोलावलं. कागद तोच होता, तिसऱ्या पानावर पेनाने एक ओळ वाढवलेली: ‘चिवडा नाही’.