फिल्टर लावला तरी रोलअपची बेरीज चुकतेय? या चुका टाळा

दिवाळीच्या आधी इंदूरात रामबाग, सुदामा नगर वगैरे भागात घरगुती फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि हल्ली बऱ्याच जणी वही सोडून एअरटेबलवर (एकमेकांशी लिंक केलेल्या टेबलांत माहिती ठेवायचं ॲप) हिशोब ठेवतात. टेबलं साधारण तीन, ग्राहक, ऑर्डर आणि पदार्थ. इथपर्यंत सगळं छान चालतं, घोळ होतो तो "कोणाकडून किती यायचेत" हे काढताना.

समजा एका ग्राहकाच्या चार ऑर्डरी आहेत: चकली 960, चिवडा 540, अनारसे 640, शेव 680 (हो, इंदूरात राहून शेवेची ऑर्डर देणारेही आहेत). चकली-चिवड्याचे पैसे आले. ऑर्डर टेबलात "बाकी" नावाचा व्ह्यू (तेच टेबल बघायची वेगळी मांडणी) केला, फिल्टर लावला, खाली बेरीज 1320 आली, बरोबर आहे. पण ग्राहक टेबलातला रोलअप, म्हणजे लिंक केलेल्या ऑर्डरींची बेरीज दाखवणारं फील्ड (रकाना), म्हणतो 2820! मग फोन येतो, "अरे बाबा, तुझं हे ॲप खोटं बोलतंय." नाही काकू, खोटं नाही बोलत, त्याला तुमचा फिल्टर माहीतच नाही.

हीच सगळ्यात मोठी चूक. व्ह्यूचा फिल्टर फक्त तुम्हाला काय दिसावं ते ठरवतो, रोलअप मात्र लिंक केलेले सगळेच रेकॉर्ड (ओळी) धरतो, लपवलेले पण. खालच्या पट्टीतली बेरीज फिल्टर पाळते, रोलअप पाळत नाही, म्हणून दोन आकडे दोन तोंडांचे. उपाय सोपा आहे: रोलअप फील्डच्या सेटिंगमध्ये जा, तिथे अटीत बसणारेच रेकॉर्ड धरा अशा अर्थाचा टॉगल आहे, तो चालू करा आणि अट तिथेच घाला. काउंट (लिंक केलेले रेकॉर्ड मोजणारं फील्ड) आणि लुकअप (लिंक केलेल्या रेकॉर्डमधली माहिती आणून दाखवणारं फील्ड) यांत पण हीच सोय आहे. नोशन या अशाच दुसऱ्या ॲपमध्ये साध्या रोलअपला अशी अट लावता येत नाही, तिथे फॉर्म्युल्यात रिलेशन (तिथली लिंक) फिल्टर करून बेरीज करावी लागते.

आता अट लावताना होणारे घोळ. "स्थिती रद्द नाही" अशी अट लावली की ज्यांची स्थिती रिकामी आहे ते पण आत येतात, कारण रिकामं म्हणजे रद्द नाहीच ना. त्यापेक्षा "स्थिती बाकी आहे" अशी सरळ अट ठेवा. आणि स्थिती हाताने टाइप करू देऊ नका, कोणी "जमा" लिहितं, कोणी "जमा झाले", सिंगल सिलेक्ट (ठरलेल्या यादीतून एकच पर्याय निवडायचा) करून टाका.

अट फक्त ऑर्डर टेबलातल्या फील्डवर लागते, हे पण लक्षात ठेवा. तळलेल्या पदार्थांचीच बेरीज हवी असेल आणि "प्रकार" पदार्थ टेबलात असेल, तर आधी तो लुकअपने ऑर्डरमध्ये आणा, मग त्यावर अट. एका उडीत दोन टेबलं ओलांडता येत नाहीत.

बेरीज 0 येत असेल तर रक्कम टेक्स्ट झालीय का बघा. फॉर्म्युल्यात 500 ला अवतरणचिन्हं लावली की तो आकडा राहत नाही, दिसतो मात्र अगदी आकड्यासारखा. मोजणीत पण असंच, रोलअपच्या फॉर्म्युल्यातला काउंट फक्त आकडे मोजतो, काउंटए भरलेले सेल मोजतो आणि काउंटऑल सगळंच मोजतो. ग्राहकांची नावं मोजायला काउंट लावलात तर 0 मिळणारच.

शेजारच्या दोन घरांची ऑर्डर एकच रेकॉर्ड करून दोघांना लिंक केलीत तर पूर्ण रक्कम दोघांच्याही खात्यात जाते, अर्धी-अर्धी होत नाही. ग्राहक फील्डमध्ये एकापेक्षा जास्त लिंक करू देणं बंदच ठेवा.

एक चूक मात्र लवकर लक्षात येत नाही. रक्कम = किलो गुणिले भाव, आणि भाव पदार्थ टेबलातून लुकअपने येतो. यंदा चकली 480 ची 520 केली की गेल्या दिवाळीच्या, पैसे मिळून गेलेल्या ऑर्डरीही 520 ने मोजल्या जातात, जुनी बेरीज आपोआप फुगते आणि वर्षभराचा हिशोब कशालाच जुळत नाही. म्हणून ऑर्डर घेताना जो भाव असेल तो ऑर्डर टेबलात वेगळ्या नंबर फील्डमध्ये लिहून ठेवायचा, ऑटोमेशनने भरला तर उत्तमच.

महिन्याप्रमाणे बेरीज करणाऱ्यांनी वेळेचं पण बघा. फॉर्म्युल्यातून महिन्याचं नाव काढलंत तर एअरटेबल ग्रीनविच वेळ धरतं, म्हणजे 1 नोव्हेंबरच्या पहाटे साडेपाचच्या आधी आलेली ऑर्डर ऑक्टोबरात जाते. सेट टाइमझोन फंक्शनमध्ये आशिया/कोलकाता दिलं की काम होतं.

एवढं करूनही आकडा जुळला नाही तर ऑर्डर टेबलात नवा व्ह्यू उघडा, रोलअपमधलीच अट फिल्टर म्हणून लावा, ग्राहकाप्रमाणे ग्रुप करा आणि एकेका ग्राहकाची बेरीज रोलअपशी लावून बघा. ज्या ग्राहकापाशी फरक दिसेल त्याचेच रेकॉर्ड उघडायचे, सगळं टेबल चाळत बसू नका. आणि त्या ग्रुपच्या यादीत बिनग्राहकाचा एक रिकामा ग्रुप दिसला ना, तर आधी तिकडे बघा, लिंक करायच्या राहिलेल्या ऑर्डरी तिथेच पडलेल्या असतात.